‘उद्या येते’

येलदरी, मंगळवार संध्याकाळ

१. वहिनीचा ऊसतोडीवरून फोन आला.
२. माझ्याकडे ठेवलेली तिची चार वर्षांची राणी म्हणाली, "आत्या जेवायला देत न्हाई."
३. तेव्हा राणीच्या हातात भाकरी होती.

वहिनी रडू लागली. "ताई, लेकराला उपाशी ठेवायलाव का?" मला लागलं ते. मी वीजघरात मीटर वाचते, दिसेल तेच लिहिते. दादाला खरं सांगितलं तर म्हणाला, "लय खोटं बोलायली ही. दोन ठेवून दे."

का ठेवू? ती भाकरी तिने लपवलीही नाही. तिला आई हवी आहे. मागे पोट दुखतंय म्हणाली, तेव्हा आई आली नाही. म्हणून आज हे. आणि वहिनी रोज फोन ठेवताना "उद्या येते" म्हणते, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं. राणी मात्र सकाळी चप्पल घालून दारात बसते.

आत्ता दादाला लिहिलं: "उद्या येतो म्हणू नका. तोड संपून खरंच कधी येणार, ते मुकादमाला विचारून शुक्रवारपर्यंत कळव. लांबचा दिवस असला तरी मी तिला तोच सांगणार आहे."