पाचव्या लेव्हलचं मागचं गेट

सिडको, नाशिक
रविवार, २३ मे २००४

प्रिय सम्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तिच्या मते दुखतात, डॉक्टरच्या मते दुखत नाहीत. अण्णा रोज सकाळी मखमलाबादला मामाच्या मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधायला जातात. तू बंगलोरला दोन्ही वेळा भात खाऊन चांगला सुटला असशील.

हाताने लिहितेय, कारण ईमेल केला की तुझ्या उत्तराखाली तुझ्या कंपनीचं बोधचिन्ह येतं आणि माझ्या डोक्यात जातं.

तुमच्या खेळाची सीडी मिळाली. चिठ्ठीही मिळाली. ‘ताई, पाचवी लेव्हल पूर्ण माझी आहे. अण्णांना दाखवशील?’ ज्या माणसाने संपापासून, म्हणजे सहा वर्षं, या घरात तुझं नाव घेतलं नाही, त्याला मी कॉम्प्युटरसमोर बसवून बंदुकीचा खेळ दाखवायचा. आधीच सांगते, नाही दाखवणार. का, ते ऐक.

कोंडाजीशेठच्या प्रेसची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून रविवारी तिथल्या टायपिंगच्या कॉम्प्युटरवर खेळले. पहिल्या लेव्हलला वाळवंट. दाढी असेल तो शत्रू. तुमच्या अमेरिकन सैनिकाच्या सतरा बंदुकांना नावं आहेत, त्याने मारलेल्या एकाही माणसाला नाव नाही. मरताना ते सगळे एकाच आवाजात ओरडतात, आणि तो आवाज तुमच्याच ऑफिसातल्या कुणा मल्याळी पोराचा आहे, हे न कळायला मी काही अमेरिकन नाही. औषधाची पेटी रस्त्यात पडलेली असते, पाय लागला की माणूस ठणठणीत. तिकडे दवाखाना एवढा सोपा आहे हे मला माहीत नव्हतं. पाण्यात ढग मात्र झकास दिसतात. त्यावर सहा महिने घातले असतील ना?

दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलबद्दल लिहीत नाही, शाई वाया जाते. चौथीत असताना लाइट गेली आणि सगळं पुसलं गेलं. एकलहऱ्याला रात्रंदिवस वीज तयार होते आणि सिडकोत आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतो. पुन्हा पहिल्यापासून खेळले. हो, खेळले. खेळ भिकार आहे म्हणून अर्धवट टाकायची सवय मला नाही.

तू सांगितलेला सिनेमाही पाहिला. चार कुटुंबं, चार बंगले, लंडनात नाचगाणी, आणि तीन तासांत एकही माणूस कामावर जाताना दिसत नाही. एकदाच कारखाना दिसला, त्यात युनियनचा पुढारी. तोंडात पान, खिशात मालकाचं पाकीट. थेटरात सगळे हसले. माझ्या शेजारचा तर कंपनीचा डबा मांडीवर घेऊन हसत होता.

फोनवर विचारत होतास, निकाल लागले, आता तरी खूश का. चकाकणाऱ्या भारताच्या जाहिराती करणारे पडले, त्याचा आनंद अर्धा दिवस टिकला. मग शेअरबाजार कोसळला म्हणून टीव्हीवरचे सगळे सुतकात. आमचे डावे म्हणे बाहेरून पाठिंबा देणार. पंगतीत बसायचं नाही, वाढप्याला सूचना मात्र द्यायच्या. इथली दोन्ही उमेदवारांची पत्रकं मीच टाइप केली. शेठ म्हणाले, वेळ नाही, पहिल्याचीच फाइल घे आणि नाव बदल. बदललं. कुणाच्याही लक्षात आलं नाही, उमेदवारांच्यासुद्धा.

आता तुझी पाचवी लेव्हल. सुरुवातीला पडद्यावर येतं की कारखान्यात दंगलखोर घुसलेत, त्यांना हटवा. आणि समोर अण्णांच्या कंपनीचं गेट. हिरवं, ट्रक लागून डावं दार वाकलेलं. लिंबाला बांधलेला पाण्याचा डबा. साखळी उपोषणाचा मांडव, निळ्या ताडपत्रीचा. स्टुलावर, डोक्यावर पंचा घेतलेला माणूस.

तुला लाज वाटली नाही? चौऱ्याहत्तर दिवस तो माणूस तिथे बसला होता. नोकरी गेली त्याची. आणि तू त्याला परदेशातल्या पोरांना गोळ्या घालायला मांडून ठेवलास? ज्या टीव्ही गेमवर तू हे सगळं शिकलास, तो अण्णांनी त्र्याण्णव सालच्या बोनसमधून आणला होता, आणि तो बोनस याच मांडवातल्या माणसांनी मिळवला होता. हे तुझ्या साहेबांना सांगितलंस का कधी?

अण्णांना दाखवणार नाही. विषय संपला.

रविवार, ३० मे

पत्र टाकलं नाही. पाकीट आठवडाभर पर्समध्ये होतं.

वर जे लिहिलं ते खरं आहे, एक शब्द मागे घेत नाही. पण एक गोष्ट गाळली होती.

पाचव्या लेव्हलला मी आधी बंदूक खालीच ठेवली. तत्त्व म्हणून. संपकऱ्यांनी दगड मारून मला मारलं. अकरा वेळा मेले. बाराव्या वेळी मी मांडवात गेले आणि स्टुलावरच्या माणसावर बंदूक रोखली. तू त्याचं काय करून ठेवलंयस, हे मला बघायचं होतं. झाडली गोळी. सगळ्या झाडल्या. तो माणूस पंच्याने तोंड पुसत राहिला. गोळी त्याला लागतच नाही. ही चूक राहिलीय की तू तसं केलंयस, मला माहीत नाही. तू विचारशील म्हणून सांगते, मी प्रेसमध्ये टेबलावर डोकं टेकवून रडले.

मग मी सैनिकाला डावीकडे वळवलं. नाल्याच्या कडेने, पत्र्याच्या शेडमागे. शोधावं लागलं नाही. तिथे मागचं गेट होतं, उघडं. आत गेले आणि लेव्हल संपली. एकही माणूस न मारता.

ते गेट तुला मी दाखवलं होतं, सम्या.

कंपनीने संपकऱ्यांच्या जागी पोरं भरायला घेतली, तेव्हा तुझा फॉर्म मी भरला. तुला पुण्याला ॲनिमेशन शिकायला जायचं होतं, घरात कुणाचाच पगार येत नव्हता, आणि तू म्हणत होतास, ‘ताई, अण्णा बसलेत ना गं तिथे, कसा जाऊ?’ मीच म्हणाले, मागून जा, ते समोर बसतात. त्याच संध्याकाळी मी अभ्यासमंडळात वर्गसंघर्षावर बोलले. छान बोलले. टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी लोकांनी तुला आत पाहिलं आणि अण्णांना सांगितलं. अण्णा घरी येऊन तुला एवढंच म्हणाले, ‘माझ्याशी बोलू नको.’ मी चपात्या लाटत होते. लाटत राहिले. तू माझं नाव घेशील म्हणून थांबले होते. तू घेतलं नाहीस. बॅग भरलीस आणि गेलास. तेव्हापासून मी सगळ्या जगाला नावं ठेवतेय. सिनेमा, सरकार, तुझा खेळ. एका माणसाला सोडून.

आज सकाळी अण्णांना प्रेसवर घेऊन गेले. काही न सांगता पाचवी लेव्हल लावली. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, उठून जातील. ते म्हणाले, ‘स्टूल नव्हतं. कोपरा मोडलेली पेटी व्हती. मोहनच्या टपरीवरून आणलेली.’ मग म्हणाले, सकाळी लिंबाची सावली पलीकडे पडायची, याने अलीकडे पाडलीय. ताडपत्रीला ठिगळ होतं. डबा उजव्या फांदीला होता. अशा चार चुका काढल्या. त्यांचं बोट काचेला टेकत होतं.

मी मध्येच म्हणाले, ‘अण्णा, त्याचा फॉर्म मी भरला होता. मागचं गेटही मीच दाखवलं.’

ते पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, ‘ठाऊक हाय.’

मग ते म्हणाले, ‘शेवटच्या मिटिंगला साहेबानं आमच्या कमिटीपुढं फॉर्म टाकले. बघा म्हणला, तुमचीच पोरं. वरचाच फॉर्म आपला. तुझं अक्षर मला वळखू येनार नाय व्हय? पाटीवर गिरवून घेतलंय मी.’

‘मग मला का नाही बोललात? सहा वर्षं?’

‘त्याच्याशी बोलनं टाकून बसलो व्हतो. तुझ्याशीबी टाकलं असतं, तर घरात बोलायला राहिलं कोन?’

हे न्यायाचं नाही, सम्या. तुझ्या वाट्याला सगळी शिक्षा आली ती चूक तुझी होती म्हणून नाही, तू आधी दिसलास म्हणून. आणि मी सुटले ती त्यांना घरात कुणीतरी हवं होतं म्हणून. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. मला चिडता आलं नाही.

आपल्या टीव्ही गेमला दोन रिमोट होते, आठवतं? दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं आणि तो कायम माझ्या हातात. तू सुरू केल्याशिवाय मला खेळता यायचं नाही. या भानगडीत मात्र सुरुवात माझ्याकडेच होती आणि मी तुझी वाट बघत बसले.

निघताना अण्णांनी दारात चपला घातल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, ‘समर्थला कळव. सावली चुकलीय म्हनावं. लिंब अजून हाय गेटवर. येऊन एकदा सकाळी बघून जा म्हनावं.’

नाव घेतलं त्यांनी. हे तुला नीट कळावं म्हणून दोनदा लिहिते. नाव घेतलं.

खेळ भिकार आहे. ये.

तुझ्या फॉर्मवर जिचं अक्षर होतं, ती
तुझी ताई,
सुवर्णा