मारुतीच्या कमरेला पाणी

काका, तुम्ही गेलात त्याला आता आठ वर्षं होतील. तुमच्या माघारी तुमच्याबद्दल मी बरंच बोलत असते, तुमच्याशी बोलायचं मात्र राहून गेलंय. गोदावरीच्या, आपल्या गंगेच्या, पुरात आपली हळदकुंकूवाली मावशी गेली, त्या दिवशी मी माइकवर काय बोलले हे तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. तेच खोटं खरं धरून तुम्ही गेलात. मला वाटलं होतं, दिवस जातील तसं बोचायचं कमी होईल. कसलं काय! या नोकरीत माणूस निबर होतो म्हणतात. झाले असेन मी, पण त्या एका जागी नाही.

तुम्ही हवालदार होतात त्या पोलीस चौकीला मी हजर झाले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सिन्नरची पोरगी, ट्रेनिंग संपवून नुकतीच आलेली, इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीवर बसायचीसुद्धा नाही. नदीकाठच्या त्या चौकीत बाईमाणसाला जायला संडास नव्हता आणि हे कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, या विचारानं मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तुम्ही काही विचारलं नाहीत. दुपारी मागच्या धर्मशाळेत गेलात, तिथल्या व्यवस्थापकाशी दहा मिनिटं हुज्जत घातलीत आणि एक किल्ली आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवलीत. ‘सरकारी मालमत्ता समज. हरवलीस तर तुझी तू जबाबदार.’ एवढं बोलून पुन्हा डायरी लिहायला बसलात. मला नोकरीत पुढं पदकबिदक काही मिळालं नाही, पण त्या किल्लीइतकं मोलाचं कुणी काही दिलंही नाही.

आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. धरणातून पाणी सोडलं की वायरलेसवर निरोप यायचा, इतके हजार क्युसेक सोडले, काठावरच्या लोकांना सावध करा. तुम्ही तो कागद वाचायचात आणि म्हणायचात, ‘क्युसेक कोनाच्या बापानं पाह्यलाय?’ तुमचं हरसूलकडचं बोलणं आलं की समजायचं, साहेब आता कामाला लागले. नाशिककराला पुराचं माप एकच कळतं, नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. मारुतीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे पथारीवाल्यांनी चार पायऱ्या वर सरकायचं. कमरेला म्हणजे गाठोडं बांधून घाट सोडायचा. छातीला म्हणजे बाजारातल्या दुकानदारांनीही माल हलवायचा. तुम्ही बोटांवर हिशेब करून क्युसेकचा मारुती करायचात. त्या दिवशी हिशेब गुडघ्याचा निघाला होता, मी स्वतः ऐकला होता. आणि जीपमधला माइक हातात घेऊन तुम्ही ओरडलात, ‘घाटावरच्या समद्यांनी ऐका, मारुतीच्या कमरेला पानी लागतंय, उठा!’

मी म्हटलं, ‘काका, गुडघा ना?’ माइक चालूच होता, त्यामुळे माझा गुडघा अख्ख्या घाटानं ऐकला. तुम्ही माइक बंद केलात आणि जे बोललात ते मला आजही शब्दन् शब्द येतं. ‘गुडघा सांगितला की मानूस पाय भिजेपर्यंत बसून ऱ्हातो. कमर सांगितली की गुडघ्याला उठतो. मला त्याला शिकवायचं नाय, उठवायचंय. ध्यानात येत नसंल तर टोपी सरळ कर आन् गप उभी ऱ्हा.’ शिपाई हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. पण बारा वाजेपर्यंत घाट रिकामा होता हेही मी पाहिलं. तुम्ही दोराचं एक टोक खांबाला बांधून दुसरं माझ्या हातात दिलंत आणि चिखलातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून वर चढवलंत. मावशीची पत्र्याची पेटी तुमच्या खांद्यावर होती आणि मागून ती ओरडत होती, ‘जमादार, कुंकू सांडलं तर तुमच्याकडूनच भरून घेईन!’ तुमचा अर्धा गणवेश लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी चौकीत येऊन मला विचारलं, मारामारी झाली का गं कुठं?

मावशी घाटावरची जुनी. हळदकुंकू, करदोटे, गंगेचं पाणी न्यायच्या छोट्या बाटल्या, एवढंच तिचं दुकान. घरी कुणी नाही, मग रोज आपल्यालाच दोन घास द्यायची आणि वर ऐकवायचीही. तिनंच मला एकदा तिची युक्ती सांगितली. ‘बाई, तुमचे जमादार लय घाबरट. एक चढवून सांगत्यात. मग आम्ही एक उतरवून घेतो. छाती म्हनले की कमर, कमर म्हनले की गुडघा.’ मी घाईघाईनं येऊन तुम्हाला सांगितलं. वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. तुम्ही खो खो हसलात. ‘उतरवू दे की! वेळेवर उठती ना?’ उठत होती, खरंच. तुम्ही एक चढवायचात, घाट एक उतरवायचा, आणि बरोबर जिथं पाहिजे तिथं गाडी येऊन थांबायची. इतकी वर्षं तसंच चाललं. पण मला ते लागायचं, काका. पोलीस बोलला म्हणजे त्यातलं थोडं कमी करून घ्यायचं, हा कसला मान? मी मनाशी ठरवून टाकलं होतं, माझ्या हातात माइक आला की मी जेवढ्यास तेवढं सांगणार.

तो हातात आला तुम्ही रिटायर झाल्यावर. त्या पावसाळ्यात तुमची डावी बाजू गेलेली होती आणि तुम्ही घरी पडून होतात. बुधवार होता, घाटावर बाजार भरत होता, म्हणजे रोजच्या दुप्पट पथाऱ्या. सकाळी नऊच्या सुमारास निरोप आला. मी तुमच्यासारखाच बोटांवर हिशेब केला. कमर. दोनदा केला, कमरच. आणि मी माइकवर स्वच्छ शब्दांत सांगितलं, ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागणार आहे, सर्वांनी घाट सोडावा.’ सांगताना, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता.

बाजारासाठी खेड्यांवरून आलेले लोक लगेच हलले. त्यांना आपली उतरवायची रीत माहीतच नव्हती. घाटावरचे जुने मात्र चार पायऱ्या वर सरकून पुन्हा पथारी मांडून बसले. मी चालत चालत मावशीपाशी गेले. एक पेटी तिनं वर आणली होती, दुसरी खालीच होती. म्हटलं, ‘मावशी, कमर सांगितलीय ना? चला, वर बाजारात चला.’ ती म्हणाली, ‘ऐकलं की. कमर म्हंजी गुडघा.’ ‘या वेळी खरीच कमर आहे.’ ‘असं तर तुम्ही दर वेळीच म्हनता, बाई.’ आणि हसून ती कुंकवाचे ढीग सारखे करायला लागली. मी तिला हाताला धरून ओढायला हवं होतं. नाहीतर दोन शब्द बोलायचे होते, ‘छाती आहे.’ ती निमूट उठली असती. पण मला राग आला होता. इतकं खरं सांगतेय तरी हिला पटत नाही! मनात आलं, एकदा भिजू दे, म्हणजे कळेल. अगदी याच शब्दांत आलं. मी पुढच्या लोकांना हलवायला गेले. अर्ध्या तासात पाणी चढलं आणि ती खालची पेटी आणायला उतरली, असं तिच्या शेजारच्या बांगडीवाल्यानं सांगितलं. बाकीचे पळाले. आम्ही दोर टाकला, दोघांना काढलं. ती दोराच्या टप्प्यात कधी आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडली. पंचनामा मीच लिहिला. ‘वेळोवेळी ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊनही सदर महिलेने जागा सोडली नाही.’ वाक्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. पुढं चौकशी झाली, डायरीतली नोंद आणि आलेला निरोप ताडून पाहिले, सगळं जुळलं. वरच्या साहेबांनी तर शाबासकी दिली, सूचना अचूक होती म्हणाले. अचूक! त्या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

त्यानंतर आठवड्यानं मी तुमच्याकडे आले. काकू आत चहा टाकत होत्या. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, बोलताना ओठ एका बाजूला ओढला जात होता. इकडचं तिकडचं काहीच न विचारता तुम्ही म्हणालात, ‘माइकवर काय म्हनलीस?’ तुमची ती नजर मला माहीत होती. टोपी सरळ कर म्हणणारी. आणि इतकी वर्षं नोकरी केलेली मी, पुन्हा त्या पहिल्या पावसाळ्यातल्या पोरीसारखी घाबरले. म्हणाले, ‘छाती.’

मला वाटलं, तुम्ही मान हलवाल, म्हणाल, मग तुझ्याकडून काय राहिलं नाय.  तुम्ही म्हणालात, ‘छाती सांगूनबी बसली? म्हंजी लोक आता दोन उतरवायला लागले.’ आणि मग, ‘मीच शिकवलं त्यांना. मीच मारली तिला.’ काकू चहा घेऊन आल्या तर तुम्ही रडत होतात. आजारानं असं होतं, त्या मला म्हणाल्या, हल्ली कशानंही रडू येतं त्यांना. मी मान डोलावली. चहा प्यायले. काका, मी तो चहा पूर्ण प्यायले.

त्यानंतर दोनदा आले मी तुमच्याकडे. एकदा घरात पाहुणे होते, ते एक निमित्त झालं. दुसऱ्या वेळी कुणीच नव्हतं, तुम्ही जागे होतात, काकू भाजीला गेल्या होत्या. सांगायला इतकी मोकळी वेळ पुन्हा मिळणार नव्हती. मी तुम्हाला बदल्यांच्या बातम्या सांगत बसले. तुम्ही मध्येच विचारलंत, ‘आता घाटावर काय सांगत्यात?’ मी म्हटलं, ‘कागदावर असेल तेच.’ ‘तेच बरं,’ तुम्ही म्हणालात. दसऱ्याच्या आत तुम्ही गेलात. काकू म्हणत होत्या, शेवटी शेवटी तुम्ही जेवताना हात थांबवून बोटांवर कसलासा हिशेब करत बसायचात. त्यांना वाटायचं पेन्शनचा. मला माहीत होतं कशाचा, आणि मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

आता मी नवीन भरती झालेल्या पोरापोरींना आपत्ती व्यवस्थापन शिकवते. पूर आला तर काय, गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर काय, दोर कसा बांधायचा, लोकांशी कसं बोलायचं. फळा, खडू, समोर चाळीस वह्या. सूचना कशी द्यावी या तासाला मी दर वेळी एक गोष्ट सांगते. एक जुने हवालदार होते, मनानं फार चांगले, पण पाणी नेहमी वाढवून सांगायचे. त्यामुळे लोकांचा पोलिसांवरचा विश्वास उडाला आणि एके दिवशी एक म्हातारी बुडाली. तुमचं नाव घेत नाही मी. माझंही घेत नाही. त्या दिवशी माइक कुणाच्या हातात होता हे कुणी विचारत नाही, सगळे खाली मान घालून लिहून घेतात. गेल्या आठवड्यात एका मुलीनं तेवढं विचारलं, ‘मॅडम, मग त्या दिवशी त्या हवालदारांनी काय सांगितलं होतं?’ पोरगी तुमच्याच भागातली, पेठकडची. मी म्हटलं, ‘छाती.’

उद्या अकराला पुन्हा त्यांचाच तास आहे. उद्या वर्गात मी खरं सांगून टाकणार, असं इथं लिहायला मी घेतलं होतं. पण तुमच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं नाही, म्हणून लिहीत नाही.