निकीच्या चौकटींतले डोळे

अहो,

आज पार्सल आलं. कम्प्युटरला जोडून चित्रं काढायची पाटी, वापरलेली, अठ्ठावीसशे. तिचं पेन त्यातच. कुरियरचे वेगळे ऐंशी. कागदाचं बंडल दोनशे साठ. हिशोब तुम्हालाच सांगायची सवय, म्हणून सांगितला. पण लिहायला बसले ते पैशांसाठी नाही. मला आपल्या निकीसाठी भीती वाटते.

ती पेणला ॲनिमेशनच्या क्लासला जाते. तुम्ही गेल्यावर पोर घरातच बसून होती, म्हणून मीच म्हटलं, जा. माझा दादा रोह्याहून बोललाच, "चित्रं काढून पोट भरतं काय गो? धाटावला कंपनीत चिकटव तिला." मी म्हटलं, तिच्या बापानं जन्मभर गणपतीचे डोळे आखले, आम्ही काय उपाशी होतो?

तिथे आधी स्टोरीबोर्ड शिकवतात. म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत काढायची. कोण कुठून येतो, कुठे बघतो, मग काय होतं. चित्रं हलायची ती नंतर. शेवटी प्रत्येकानं आपली स्वतःची गोष्ट काढून द्यायची आहे. निकीनं तिच्या चौकटी मागच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवल्या. केर काढता काढता मी बघत गेले.

उधाण आलेलं. बांधाला खांड पडून खारं पाणी भातात शिरतंय. एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जातो आणि दिसेनासा होतो. तुम्हीच की हो. सगळे सांगत होते, थांबा, ओहोटी लागू दे. का नाही थांबलात? ओहोटीला मग तुम्हालाच शोधून आणावं लागलं.

पुढच्या चौकटींत एक मुलगी त्याच बांधावरून चालत जाते. दर चौकटीत पाणी आणखी जवळ. शेवटी ती खांडीच्या अगदी काठावर उभी. त्यापुढची चौकट कोरी.

केरसुणी तिथेच टाकून देवापुढे दिवा लावला. तेव्हापासून तिची बस चुकली तरी मी रस्त्याकडे न बघता आधी खाडीकडे बघते. विचारायचं धाडस होईना. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

त्या मुलीला डोळेच नव्हते. नुसतं गोल डोकं. कच्च्या चित्रात असंच ठेवतात, हे मला कुठून ठाऊक? मला वाटलं, डोळे असते तर पाणी दिसलं असतं पोरीला. गणपतीच्या कारखान्यात मी इतकी वर्षं मूर्ती घासल्या, पण डोळ्यांना कधी हात लावला नाही. ते काम तुमचं. परवा मात्र पेन्सिल घेतली आणि आखले. तुम्ही आखायचात तसेच, समोर हात जोडून उभ्या असलेल्याकडे बघणारे. दुसरे मला येतात कुठे?

निकी आली आणि भिंतीपाशीच थांबली. "आई गो, हे काय केलंस? ही तर गणपतीसारखी बघतेय."

"मग कुठे बघायला हवं?"

"पाण्याकडे. तू तिची मानच फिरवलीस."

चिडून खोडरबर शोधायला लागली. मग हात थांबला तिचा. म्हणाली, "सर सांगतात, माणूस कुठे बघतो ते दाखवलं की त्याला काय दिसलं ते पुढच्या चौकटीत द्यावंच लागतं. आता हिला कोण दिसलं?"

"आणि मी डोळे आखले नसते तर?" एवढं एकच विचारलं मी.

ती त्या कोऱ्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक नाय मला."

अहो, तोंडातून निघून गेलं, "तिला मी दिसले. पदर खोचून, अनवाणी धावत आलेली. तशी काढ."

काढलं तिनं. मी एवढी जाडी नाही, पण असो. चेहरा मात्र कोरा ठेवलाय. म्हणते, "तुझे डोळे तूच आख. पण आधी ठरव, तू बघतेस कुठे. तू पण रोज पाण्याकडेच बघत असतेस."

खरं आहे. मागच्या दारी भांडी घासताना नजर बांधावरच असते. क्रियाकर्म सगळं झालं तरी वाटतं, येतील. मला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

सोमवारी तिला चौकटी द्यायच्या आहेत. माझी भीती गेलेली नाही. पुढच्या गोष्टीत ती पोरीला कुठे नेऊन उभं करेल, देव जाणे. पण तुम्हाला शब्द देते. उद्या आंघोळ, पूजा आटोपून बसेन आणि पाण्यावरची नजर काढून निकीकडे लावेन. चित्रातही आणि घरातही. तुम्ही रागावू नका.

फक्त एक अडचण आहे. समोर बघणारे डोळे मी तुमचे बघून शिकले. बाजूच्या माणसाकडे बघणारे कसे आखतात, ते कधी विचारलंच नाही. तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
लता