सूचनापेटी

११ जानेवारी १९३०, तळेगाव

पेटी आली! साहेबांनी विलायती मासिकात वाचलं — तिकडे कामगार सुधारणा सुचवतात, चिठ्ठ्या पेटीत टाकतात. आता आमच्या काच कारखान्यातही. भट्टीवर चाळीस माणसं, लिहिता येणारी दोन! पण हे साहेबांना सांगणार कोण? मी कारकून. दर शनिवारी पेटी उघडून चिठ्ठ्या इंग्रजीत करून द्यायच्या.

१८ जानेवारी

रिकामी. साहेब म्हणाले, "पेटी चालत नसेल तर तुमचं काम काय?"

२५ जानेवारी

चार चिठ्ठ्या मीच लिहिल्या, कामगारांच्या नावांनी. साहेबांना एकही पसंत नाही.

दुपारी कचेरीत एकटाच जेवलो. बाहेर चिंचेखाली सगळे आपापल्या भाकरीची फडकी सोडून एकत्र बसतात, हसतात. पाच वर्षांत कुणी 'या' म्हटलं नाही. फकरुद्दीनभाई तेवढे विचारतात, "जेवलात का, भाऊसाहेब?"

मग रागानं पाचवी चिठ्ठी लिहिली — 'जेवण एकेकाने भट्टीजवळच उरकावे. वेळ वाचेल.' जुन्या कारागिराच्या शब्दाला वजन, म्हणून नाव घातलं फकरुद्दीनचं. हात कसा झडला नाही माझा!

३ फेब्रुवारी

साहेब खूश! नोटीस लागली — 'फकरुद्दीन यांच्या सूचनेवरून.' मीच मोठ्यानं वाचून दाखवली. दुपारी चिंचेखाली कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी

फकरुद्दीनभाईंशी कुणी बोलत नाही. मारुतीनं तोंडावर सुनावलं, "चाचा, भाऊसायबाकडनं लिवून घेतलंसा ना? आमचं दोन घास सुखाचं बघवलं न्हाईत व्हय?" ते 'मी नव्हे' एवढंही म्हणाले नाहीत. मी खरं सांगितलं तर नोकरी जाईल. भित्रा आहे मी.

२२ फेब्रुवारी

राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं.

"पयल्या दिशीच वळाखलं," म्हणाले. "माज्या नावाची चिठ्ठी तुमच्याबिगार लिवणार कोन?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती. मला घर हाय, पोरं हायती. तुमाला हितं कोन हाय?"

रडू आलं. त्यांनी जेवायला बसवलं.

२४ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले! "म्हणजे कल्पना तुमची? उत्तम! नियम राहील. नाव तेवढं बदला."

उद्या नवी नोटीस. मीच वाचून दाखवायची.