माझा बिल्ला परत आला नाही

आईस, तुझ्या मोठीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

ठकीचं ठरलं का, नर्स व्हायचं की माझ्यासारखं एक्स-रेवर बसायचं? मीच तिला म्हटलं होतं, नर्सची कंबर मोडते, आपण नुसतं बटण दाबायचं.

आम्ही छातीवर बिल्ला लावतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. सगळ्यांचे बिल्ले तपासून परत आले, माझा तेवढा आला नाही. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "अगं, मशीनपाशी विसरली असशील!" मी हो म्हटलं. पण आई, मी साधी पिनसुद्धा कुठे विसरत नाही.

लगेच मला बाहेर खिडकीवर बसवलं, पेशंटची नावं पुकारायला. पगार तोच, काम निम्मं. रक्तही तपासलं, दोनदा, तेही फुकटात!

ठकीला म्हणावं, नर्सच हो. का म्हणून विचारलं तर सांग, ताईला बसून बसून कंटाळा आलाय.

माझ्या जागी तिच्याच वयाची मुलगी आली आहे. तिला अजून बिल्ला मिळालेला नाही. काम करताना छान गुणगुणते. एक्स-रेच्या खोलीचं दार पहिल्यापासून नीट लागत नाही, म्हणून मला खिडकीवर सगळं ऐकू येतं.

तब्येतीला जप.

तुझीच,
मोठी