दार आत की बाहेर

३ जुलै
आजपासून शाळा सगळ्यांची. वरून आदेशच आलाय की मुख्याध्यापकाने एकट्याने काही ठरवायचं नाही, समितीने मिळून ठरवायचं. मी तर जन्मजात लोकशाहीवादी. समितीत कोण कोण, ते मीच ठरवून टाकलं. पालकांतून सुतार आणि नर्सबाई, मग शिपाई आणि दुसरीच्या बाई. (माझी बायको. निवड निव्वळ गुणवत्तेवर.) नियम दोन. ज्याच्या हातात डस्टर त्यानेच बोलायचं, आणि ठराव होईल तो एकमतानेच. संकल्प: आवाज चढवायचा नाही.

१० जुलै
पहिली मीटिंग. मुलींच्या संडासाला दार नाही. दुपारच्या सुट्टीत पोरी घरी जातात, निम्म्या परतच येत नाहीत. सुताराने दार फुकटात करून आणलंय, व्हरांड्यात टेकवून ठेवलंय. मी फक्त एवढंच विचारलं की ते उघडणार कुठे, आत की बाहेर? तो म्हणाला बाहेर. माझं मत आत. चर्चा फार रंगली. डस्टर दीड तास माझ्याकडेच होता, कारण मुद्दे माझ्याकडेच होते. सुताराने ओढला, मी ओढला, डस्टर निसटला आणि त्याच्या कपाळावर बसला. म्हणजे मीच मारला, पण हळू. तीन टाके. नर्सबाई समितीत असल्या की असं सोयीचं पडतं.

११ जुलै, सकाळी
मोठ्या मनाने सुताराच्या घरी जाऊन माफी मागितली. कपाळ मध्ये आणायला नको होतं, हेही समजावून सांगितलं. त्याने रंधा फेकला. माझ्या अंगठ्याचं नख गेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१७ जुलै
लाकडी डस्टर बंद करून कापडी आणला. हिंसेचं मूळच उपटलं. शिपाई म्हणाला, साहेब, आधी दार लावू, मग भांडू. त्याची कॉलर धरली, आपुलकीने. गुंड्या तुटल्या दोन. सुताराने खुर्ची उचलली, मी नकाशाची काठी. खुर्ची माझ्या पाठीत बसली, काठी त्याच्या खांद्यावर. नर्सबाई टेबलाखाली बसून मीटिंगचा वृत्तांत लिहीत होत्या. मी सहा वेळा काठी मारली असं लिहिलंय. चारदाच मारली, खोडायला लावलं. बायको सोडवायला आली आणि एक तिच्या मनगटावर बसली. तिचा दोष नाही, मध्ये पडायची सवयच आहे तिची.

१८ जुलै
बायकोने जेवायला वाढलं. पानं उचलताना म्हणाली, "आपली पोरगी तिसरीत आहे. जावं लागू नये म्हणून ती शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. आत की बाहेर, हे तिला विचारलंत?"
पोरगी समितीवर नाही, असं मी सांगितलं. नंतर जरा लाज वाटली. संकल्प: पुढच्या वेळी दार आतच का, ते शांतपणे पटवून द्यायचं.

२३ जुलै
शांतपणाचा सराव केला, कपाटाला सुतार समजून. कपाट फारच आडमुठं निघालं. उजवा हात मोडला.

२४ जुलै
डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरांनी घरी बसवलंय, म्हणजे मीटिंग माझ्याशिवाय. आवरायला मी नाही, आज तिथे मुडदे पडणार.

२५ जुलै
शाळेत गेलो. दार बसलंय. बाहेर उघडतं. वृत्तांत वाचला. मीटिंग अकरा मिनिटांत संपली. मारामारी नाही, डस्टरची कुणाला आठवणही झाली नाही. ठराव दोन. पहिला दाराचा. दुसरा, मुख्याध्यापकांनी यापुढे मीटिंगला येऊ नये. सूचक: दुसरीच्या बाई. बाकी सगळ्यांचं अनुमोदन.
घरी येऊन बायकोला विचारलं, मी नसताना एकमत कसं झालं? ती म्हणाली, "तुम्ही नव्हता म्हणूनच झालं."
संतापायला हवं होतं. नुसतंच वाईट वाटलं.
जेवताना पोरगी म्हणाली, आज शाळेत दोनदा पाणी प्यायले. मी शाब्बास म्हटलं. आणखी काय म्हणणार?