करकोच्याची साक्ष

कळवा, ५ जानेवारी २०२५

चि. कल्पिता हिस,
गोदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तुझा बाप धाकू तिकडे डोंबिवलीत थयथयाट करत असेल. त्याला सांग, फोन कानाला लावला की माझं ऐकायचं यंत्र शिट्टी मारतं. शिवाय पत्रात धाकूला मध्येच बोलता येत नाही, हा मोठाच फायदा.

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. शुक्रवारी सकाळी आपल्या जुन्या मिठागराच्या बांधावरून मी काळ्या मानेचा करकोचा पाहिला. आपल्या पक्षी मोजणाऱ्यांच्या गटात इतक्या वर्षांत तो कुणालाच दिसलेला नाही. हिवाळी मोजणीचं सगळं हेमांगी बघते, म्हणून तिला लगेच कळवलं. तर बाई अगदी गोड आवाजात विचारते, की चित्रबलाक तर नव्हता ना. अगं, चित्रबलाक मी रोज बघते! माझ्या डोळ्यांबद्दल धाकूने तिचे कान भरलेत, दुसरं काय.

पद्धत तुला ठाऊक आहे. दुर्मीळ पक्षी असला तर दोघांनी वेगवेगळं जाऊन बघायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, आणि जागेवरच वर्णन लिहून बंद पाकिटात द्यायचं. दोन्ही वर्णनं जुळली तरच नोंद. माझं पाकीट मी दिलं. दुसरं तू द्यावंस अशी माझी इच्छा आहे, कारण माझ्यासाठी पहाटे उठून चिखलात येणारं दुसरं कुणी नाही.

आता खरं दुखणं सांगते. ऑक्टोबरात मी बांधावरून घसरून चिखलात रुतले होते. चिखलातली मासळी, निवट्या, पकडायला आलेल्या बायकांनी ओढून काढलं, तेव्हा भरतीचं पाणी कमरेला लागलं होतं. तेव्हापासून धाकूने डोंबिवलीला चल म्हणून धोशा लावलाय. करकोच्याचं कळल्यावर तो काल इथे येऊन म्हणाला, की आता तुला नसलेले पक्षीही दिसायला लागले. माझं डोकं फिरलं. मी बोलून गेले, की नोंद झाली तर मी इथेच राहणार आणि नाही झाली तर मुकाट्याने कुलूप लावून तुझ्याकडे येणार. त्याने लगेच कबूल केलं. मला इथून जायचं नाही गं. घाबरले आहे मी.

तब्येतीला जप. माया आहेच, ती घ्यायला लवकर ये.

तुझी,
गोदाआत्या


डोंबिवली, ८ जानेवारी २०२५

ती. गोदाआत्यास,
कल्पिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांच्या हाती लागू नये म्हणून मी ते माझ्या लॅबच्या कोटात ठेवलंय. घरात वातावरण भयंकर आहे. बाबांनी मागची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, आणि परवा पलंगसुद्धा आला. मी म्हटलं, की अजून निकाल लागायचाय, तर म्हणाले की निकाल मला माहीत आहे. त्यांना तुझी काळजी आहे, आत्या. ती त्यांना ओरडूनच दाखवता येते, त्याला कोण काय करणार!

मी रविवारी येते. येताना तुझ्याकडे येणार नाही, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. फक्त एवढंच सांग ना, पाण्यात उभा होता की सुक्यावर? आणि एकटाच होता का? मी या वर्षी पहिल्यांदाच हेमांगीताईंबरोबर मोजणीला आहे, चुकले तर दोघींचंही हसं व्हायचं.

तोवर तू बांधावर एकटी जाऊ नकोस. एवढं माझं ऐक. लोभ असाच ठेव, रागावलीस तरी ठेव.

तुझी,
कल्पिता


कळवा, १० जानेवारी २०२५

चि. कल्पिता हिस,
अनेक आशीर्वाद.

काही सांगणार नाही. पाण्यात की सुक्यावर, तेही नाही. विचारतेस तरी कशी? बाकीच्या वेळी लाडाने विचारशील ते देईन, पण हे मागू नकोस.

ओहोटी असेल तेव्हाच जा आणि बांध सोडून खाली उतरू नकोस. पलीकडे दोन दिवसांपासून डंपर येऊन राडारोडा टाकतायत, मोठा आवाज होतो. पक्षी उडून गेला तर संपलंच. रात्री झोप लागत नाही मला. तू जाशील त्या वेळी मी दार लावून आत बसेन, खिडकीतूनसुद्धा बघणार नाही.

नाही दिसला, तर नाही दिसला म्हणून लिही. त्यात लाज नाही.

देव तुझ्या पाठीशी असो. माया कमी होणार नाही, काहीही झालं तरी.

गोदाआत्या


डोंबिवली, १३ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

दिसला! धुकं फार होतं, पण दिसला. पाकीट कालच हेमांगीताईंच्या हातात दिलं. नियम आहे म्हणून वर्णन इथे लिहीत नाही. तू आता निर्धास्त झोप. बाबांचा पलंग पाहुण्यांना उपयोगी पडेल.

उद्या संक्रांत. तिळगूळ घेऊन येईनच. घाईत आहे, प्रेम तेवढं पुरेपूर समज.

कल्पिता


कळवा, १९ जानेवारी २०२५

चि. कल्पिता,
आशीर्वाद.

संक्रांतीला वाट पाहिली. तू आली नाहीस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

काल हेमांगीकडे जाऊन आले. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तुझ्या कागदावर लिहिलंय, की मान चमकदार काळी आणि पाय लालभडक. अक्षर सुरेख आहे. पुस्तकात मोठ्या पक्ष्याचं चित्र असतं, त्यात अगदी असंच असतं. पण मी पाहिला तो पिल्लूपण नुकतंच सोडलेला होता, बाळ. मान मातकट, पाय मळके. ओळखला तो उंचीवरून आणि सरळ, जाडजूड चोचीवरून. चित्रबलाकाची चोच टोकाशी खाली वळते, याची वळलेली नव्हती.

हेमांगी भली आहे. तिने विचारलं, की दोन पक्षी असतील का. आपल्याला वाट करून देत होती बिचारी. मी हो म्हटलं असतं तर नोंद झाली असती आणि माझं घरही राहिलं असतं. हो म्हणवलं नाही मला. कधीच न दिसलेला पक्षी कायमचा कागदावर राहिला असता.

मग मी तिला सांगितलं, की पाकीट दिल्यावर पुस्तक बघून पोरीला पत्रातून काय लिहायचं ते मीच शिकवलं, आणि माझ्याच डोळ्यांत भरलेलं पुस्तकातलं चित्र तिच्या कागदावर उतरलं. दोन्ही कागद रद्द कर, म्हटलं. तिला वाईट वाटलं असावं, माझ्याकडे न बघताच तिने चहा टाकला. तुझं मोजणीतलं काम राहील. माझं आता काय जायचंय?

तुझा राग आला, फार आला. मग कळलं की तू माझ्यासाठीच केलंस आणि रडू आलं. नाही दिसला एवढंच लिहिलं असतंस, तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं.

रविवारी टेम्पो पाठव म्हणून धाकूला सांग. तू पुन्हा असं करू नकोस. त्या अटीवर माया शाबूत आहे.

गोदाआत्या


डोंबिवली, २५ जानेवारी २०२५

ती. गोदाताईस,
धाकूचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. समोर आलो तर नेहमीसारखा ओरडेन, म्हणून लिहितो.

बुधवारी रात्री जेवताना टेम्पोचं बोलणं काढलं आणि कल्पिता ताटावरून उठून रडायला लागली. सगळं सांगितलंन. धुक्यात तिला काहीच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हेमांगीबाईंकडे गेली आणि खरं काय ते कबूल करून आली. त्यांनी तिला यंदाच्या मोजणीतून काढलं. बरोबर केलं. तुझं नाव त्यांनी साफ केलं, पण एकाच्या साक्षीवर नोंद होत नाही म्हणाल्या. पक्षीही आता निघून गेलाय.

शुक्रवारी मी बांधावर गेलेलो. तुला न सांगता. तासभर उभा होतो. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. भरती चढायला लागली तशी मला ऑक्टोबर आठवला. ताई, तुला काही झालं तर मी काय करू, एवढंच मला म्हणायचं असतं. तोंडातून दुसरंच निघतं.

माझ्या पोरीचं नाव वाचवायला तू स्वतःला खोटं ठरवलंस आणि वर घर सोडायला निघालीस. आता कुठल्या तोंडाने तुला इकडे आणू? टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलंय. तू तिथेच राहा. फक्त एकटी जात जाऊ नकोस, रविवारी मी येत जाईन, पिशवी धरून मागे उभा राहीन. बाकीच्या दिवशी त्या निवटीवाल्या बायकांबरोबर जा.

त्यांच्या यादीत तो करकोचा नाही आणि आता येणारही नाही. पण मला कुणी विचारलं तर मी सांगतो, होता. माझ्या ताईने पाहिलाय.

राग असेल तो माझ्यावर काढ. हे पत्र घेऊन कल्पिता तुझ्या दारात उभी असेल, बेल वाजवायची हिंमत होणार नाही तिला, म्हणून पत्र फटीतून सरकवेल. तिला आत घे.

तुझा,
धाकू